किराणा दुकानदाराच्या हरकतीला दिल्लीत कोण विचारतो?

किराणावाला_नगर
नगरला माझं किराणा दुकान. आईने तीस वर्षं विड्या वळल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली: तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागा इशाऱ्याच्या चित्राला, १ एप्रिल २०१५ पासून. मार्चमध्ये आमचेच खासदार, जे तेव्हा असे नियम तपासणाऱ्या संसदेच्या समितीचे अध्यक्ष होते, म्हणाले की तंबाखूने कॅन्सर होतो असा भारतातला अभ्यासच नाही. त्याच समितीत अलाहाबादचे एक खासदार होते, त्यांचा स्वतःचाच विडीचा धंदा! नियम लांबला. पुढे समितीने ५० टक्केच पुरे असंही सुचवलं. प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयात गेलं होतं, म्हणून १ एप्रिल २०१६ ला ८५ टक्के लागू झालं.

मधल्या काळात आमच्या गल्लीत विडी कारखान्याचा मुनीम सांगत फिरला, 'चित्र मोठं झालं तर वळायला पान-तंबाखू मिळणार नाही.' आई मोर्चाला गेली. याच मुनीमाने आदल्या आठवड्यात तिच्या हजारातल्या सत्तर विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या होत्या. त्यांची मजुरी नाही, विड्या मात्र कारखान्याच्या.

मला विचारायचंय ते असं. सरकार मसुदा काढून 'हरकती व सूचना' मागवतं. कंपन्यांची माणसं तिथेच बसलेली. आपण पाठवलेलं कुणी वाचतं का? की टपालखर्च वाया?

उपरोधी
वाचतात ना, रद्दीवाला वाचतो. अमेरिकेत १९९५ पासून कायदा आहे: लॉबिंग करणाऱ्याने, म्हणजे कंपन्यांच्या वतीने सरकारदरबारी वजन टाकणाऱ्याने, नाव नोंदवायचं, खर्च दाखवायचा. आपल्याकडे २०१३ मध्ये एका खासदाराने तसं खासगी विधेयक मांडलं, ते तसंच राहिलं. कोण कुणाला भेटलं याची वहीच नाही, तर तुम्ही पत्र कुठल्या पानावर चिकटवणार?

कक्ष_अधिकारी_निवृत्त
किराणावाले भाऊ, मी मंत्रालयात नोकरी केली. त्यातली सहा वर्षं याच टेबलावर, म्हणून सांगतो.

पत्र आलं की आवक क्रमांक पडतो. मग तक्ता: हरकतदाराचं नाव, व्यवसाय, नियम क्रमांक, हरकत, विभागाचे अभिप्राय. ज्या पत्रात नियम क्रमांक नाही, ते 'सर्वसाधारण' गठ्ठ्यात. एकदा एकाच मजकुराची चारेकशे पत्रं आली, फक्त सह्या वेगळ्या. तक्त्यात ओळ एकच, पुढे कंसात संख्या.

कंपन्यांच्या संघटनेचं पत्र स्पायरल बायंडिंग करून यायचं, ते टपालाने नाही, माणूस स्वतः आणून द्यायचा. आत लिहिलेलं असायचं, 'नियम अमुक, पोटनियम तमुक, या शब्दांऐवजी हे शब्द घालावेत.' पर्यायी मजकूर टाइप केलेला. संध्याकाळी सहाला, उद्या फाइल वर पाठवायची असताना, आमच्यासारखा माणूस काय करणार? तोच मजकूर टिपणीत उतरवणार. पैशांची पाकिटं-बिकिटं मी पाहिली नाहीत. विश्वास ठेवू नका हवं तर.

पण साताऱ्याकडच्या एका दुकानदाराचं आंतरदेशीय पत्र अजून आठवतं. निळी शाई, तेलाचा डाग. मसुद्यात सुट्या मालाच्या विक्रीची रोज नोंद ठेवायचं कलम होतं. त्याने कलम क्रमांक लिहून म्हटलं होतं, 'दिवसाला दीडशे गिऱ्हाईक, कुणाला पावशेर साखर तर कुणाला छटाक जिरं. हे लिहायला मी वेगळा माणूस ठेवू काय? घाऊकवाल्यापुरतं ठेवा.' रकाना भरला म्हणजे अभिप्राय लिहिणं आलंच. साहेबांनी समासात 'तपासा' लिहिलं. अंतिम नियमात नोंदवही घाऊक व्यापाऱ्यांपुरतीच राहिली.

सई_पुणे
संख्येने काहीच होत नाही असं नका म्हणू, काका. नेट न्यूट्रॅलिटीच्या (इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक) वेळी, एप्रिल २०१५ मध्ये, ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्यातला एक माझा, तोही तयार मजकुराचाच. (ट्रायने सगळ्यांचे ईमेल पत्ते संकेतस्थळावर टाकले, मग कित्येक महिने लॉटरी लागल्याच्या मेलचा पाऊस!) एवढा गलका झाला म्हणून खासदारांनीही तोंड उघडलं.

मात्र डिसेंबरात ट्रायने दुसरा कागद काढला तेव्हा फेसबुकने फ्री बेसिक्ससाठी (ठरावीक साइट्स फुकट देणारी त्यांची योजना) लोकांकडून एकाच छापाचे लाखो संदेश पाठवून घेतले. ट्रायने विचारले होते चार प्रश्न, आणि त्यांची उत्तरंच त्यात नव्हती. ट्रायने तसं फेसबुकला सुनावलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला साइटप्रमाणे इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली. म्हणजे तुमचा तक्ता तिथेही होताच म्हणायचा.

किराणावाला_नगर
पटतंय. पाकिटबंद खाणं आरोग्याला किती बरं हे दाखवायला त्यावर अर्धा ते पाच तारे द्यायचा मसुदा एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) सप्टेंबर २०२२ मध्ये काढला होता. सराव म्हणून त्यावर लिहून पाहिलं: 'जनतेच्या आरोग्याशी चाललेला हा खेळ थांबवा. शेंगदाणे घातले म्हणून खारट चिवड्याचे तारे वाढतात. माझ्या दुकानात पोरं तारे बघून चिवडा उचलतील.'

कक्ष_अधिकारी_निवृत्त
पहिलं वाक्य काढा, ते थेट गठ्ठ्यात जाईल. दुसरं ठेवा, पण शेंगदाणे-डाळींना गुण देणारा तक्ता मसुद्यात कुठल्या क्रमांकावर आहे ते आधी लिहा. त्याखाली तुम्हाला काय हवं ते: 'मीठ ठरावीक मर्यादेपलीकडे असल्यास हे गुण धरू नयेत.' तिसऱ्यात 'उचलतील' नको. दुकानात आठ दिवस बघा, पोरं पाकिटावर काय बघून माल उचलतात, आणि आकडा लिहा. सहीखाली दुकानाचा परवाना क्रमांक टाका, म्हणजे व्यवसायाचा रकाना रिकामा राहणार नाही.