सीटीई आणि घरातली मारहाण

‘डोक्याला मार बसून मेंदू बिघडतो, म्हणून एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे) खेळाडू बायकांना मारतात’ हे विधान घाईचं आहे. सीटीई म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार; त्याचं खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतर, मेंदूचे काप तपासूनच होतं. २०१७ च्या अभ्यासात १११ पैकी ११० एनएफएल खेळाडूंच्या मेंदूत तो सापडला खरा, पण ते मेंदू दान केलेले, आणि लक्षणं दिसलेल्यांचीच कुटुंबं दान करण्याची शक्यता जास्त. त्यावरून सरसकट प्रमाण काढता येत नाही, मारहाणीचं कारण तर नाहीच.

आणि मार खाणाऱ्या बाईच्या मेंदूचं काय? शुद्ध हरपली नाही तरी कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा) होऊ शकतं. गळा आवळला असेल तर बाहेर वळ नसला तरी त्याच दिवशी तपासणी हवीच: मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन काही दिवसांनीही पक्षाघात येऊ शकतो. डॉक्टरांना ‘गळा आवळला होता’ हे स्पष्ट सांगा.