क्लोझापिन चालू असूनही आवाज थांबत नाहीत: आरटीएमएस की टीडीसीएस?

निफाड_केसवर्कर: रुग्ण ३४ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया. दोन औषधं पुऱ्या डोसमध्ये प्रत्येकी सहा आठवड्यांहून जास्त देऊन झाली. आता आठ महिने क्लोझापिन, रोज ३५० मिग्रॅ. संशय गेला, झोप लागते. पण समोर नसलेल्या दोन माणसांचे आवाज दिवसभर चालूच. डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितलेत: आरटीएमएस (डोक्याबाहेरून चुंबकीय पल्स) आणि टीडीसीएस (डोक्यावरून सौम्य वीजप्रवाह). निफाडहून नाशिकला ये-जा, सोबत एकटी आई. काय आधी करावं, आणि करताना नेमकं काय चुकतं?

गंगापूर_रोड: मशीनच्या आधी रक्तातली क्लोझापिनची पातळी बघा. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. ३५० नॅनोग्रॅम प्रति मिली किंवा त्याहून वर नसेल, तर औषध फसलं असं म्हणताच येत नाही. तो बिडी ओढतो का? धुरामुळे यकृत क्लोझापिन झपाट्याने संपवतं. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. तंबाखू चघळल्याने किंवा मिश्रीने तसं होत नाही.

निफाड_केसवर्कर: बिडी रोज एक कट्टा. पातळी कधीच तपासलेली नाही.

गंगापूर_रोड: मग उत्तर बहुधा तिथेच आहे. उलटा धोकाही ध्यानात घ्या: उपचारासाठी भरती केलं आणि वॉर्डात बिडी बंद झाली, तर त्याच डोसवर पातळी आठवडाभरात चढते. क्लोझापिनने झटक्याचा (फिट येण्याचा) धोका वाढतोच, त्यात आरटीएमएसनेही तो असतो. बिडी सुटणार असेल तर डॉक्टरांना आधी कळवा, डोस तेच ठरवतील.

पंचवटी_टेक्निशियन: ये-जा बघता मला टीडीसीएस सोयीचं वाटतं: २ मिलिअँपिअर, २० मिनिटं, दिवसातून दोनदा, दोन्हींमध्ये दोन-तीन तासांचं अंतर, पाच दिवस. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या ३० रुग्णांच्या चाचणीत याच पद्धतीने आवाजांचा त्रास सरासरी ३१ टक्के घटला आणि परिणाम तीन महिने टिकला. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत एवढं यश दिसलं नाही, हे आईलाही सांगा. आणि "घटला" म्हणजे "थांबला" नव्हे.

चुका इथे होतात. ॲनोड (धन टोक) डाव्या कपाळाच्या वर, एफ-३ आणि एफपी-१ (डोक्यावर मोजून ठरवायच्या खुणा) यांच्या मधोमध. कॅथोड (ऋण टोक) डाव्या कानाच्या वर-मागे, टी-३ आणि पी-३ यांच्या मधोमध. वायरी उलट लागल्या की जो भाग शांत करायचा तोच चेतवला जातो. जागा अंदाजाने धरू नका, टेपने मोजा: कान ते कान अंतराच्या १० टक्के वर गेलं की टी-३.

दुसरं, तेल! आई सकाळी खोबरेल चोपडून आणणार, हे गृहीत धरा. मग विजेला होणारा रोध वाढतो, मशीन अडतं. आदल्या रात्री शाम्पूने केस धुवायला सांगा. ३५ चौ. सेंमी.चा स्पंज मिठाच्या पाण्यात (०.९ टक्के सलाईन) भिजवा, नळाचं पाणी नको. कोरडा राहिला तर कातडी भाजते, थबथबला तर पाणी ओघळून करंट भलतीकडे पसरतो. एप्रिलच्या उन्हाळ्यात २० मिनिटांतही कडा सुकतात, मध्ये सिरिंजने थोडं सलाईन सोडा. रोध १० किलोओहमच्या आत ठेवा, करंट ३० सेकंदांत हळूहळू चढवा. खाज, मुंग्या चालतील. एका बिंदूवर टोचणारी आग झाली तर थांबवा आणि कातडी बघा.

ऑनलाइन मिळणारी बॅटरीवरची घरगुती यंत्रं घेऊ नका.

द्वारका_३: आरटीएमएस निवडलंच तर १ हर्ट्झ, त्याच डाव्या टी-३/पी-३ जागी, मोटर थ्रेशोल्डच्या ९० टक्के ताकदीने, २० मिनिटांत १२०० पल्स. थ्रेशोल्ड म्हणजे दहापैकी पाच पल्सना अंगठा हलतो ती किमान ताकद. औषध किंवा झोप बदलली तर पुन्हा मोजा. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर नाहीच. कानात बोळे दोघांनाही, रुग्णाला आणि टेक्निशियनला. क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी परिणाम कमी पडू शकतो, पण म्हणून त्या परस्पर बंद करायच्या नाहीत.

कोणतंही घ्या, आधीच्या आठवड्यात वही ठेवा: दिवसातून किती वेळा, किती मोठ्याने, तो आवाजांचं ऐकतो का. आवाज "मर" किंवा "मार" म्हणत असतील तर पाच दिवसांच्या कोर्सची वाट पाहू नका. भरती करा आणि डॉक्टरांशी ईसीटीबद्दल (भूल देऊन करायचे शॉकचे उपचार) बोला.

निफाड_केसवर्कर: तसं काही म्हणत नाहीत, नावं ठेवतात. सोमवारी पातळीसाठी रक्त देतो. टीडीसीएसचं त्यानंतर.