पंप फिरताना दाखवायचा की अख्खं पानच हलवायचं?

पंपवाली:
नमस्कार. आम्ही पेरिस्टाल्टिक पंप बनवतो. आत एक लवचिक नळी असते, तिच्यावरून रोलर फिरतात, नळी दाबली जाते आणि द्रव पुढे ढकलला जातो. द्रवाचा संबंध फक्त नळीशी; पंपाच्या दुसऱ्या कुठल्याच भागाला तो शिवत नाही. म्हणून आम्लं, औषधी द्रावणं, दाट गाळ, सगळं चालतं. नळी झिजली की ती तेवढी बदलायची.

एवढीशी गोष्ट, पण फोनवर समजावताना दर वेळी दहा मिनिटं जातात. वेबसाइट नव्याने करायला घेतली ती यासाठीच.

डिझायनरने काल नमुना दाखवला. उघडताच स्क्रीनभर व्हिडिओ: ठिणग्या, कारखाना, हेल्मेट घातलेली हसरी माणसं. ती आमची नाहीत, विकत घेतलेलं चित्रण आहे. खाली स्क्रोल केलं की प्रत्येक परिच्छेद बाजूने सरकत येतो. ग्राहकांचा आकडा शून्यापासून भराभर वाढतो. पाच फोटोंचा स्लायडर आपोआप बदलत राहतो, आणि मागे संगीत. आमच्याकडे सगळ्यांना आवडलं. पहिल्यांदा मलाही आवडलं. मग मी जुन्या ग्राहकासारखी बसले आणि नळीचा व्यास व प्रवाहाचा दर दिलेला तक्ता शोधायला लागले. चार वेळा थांबावं लागलं, कारण मजकूर अजून सरकत जागेवर यायचा होता. आणि एवढं सगळं हलत असताना पंप मात्र कुठेच फिरताना दिसला नाही!

डिझायनर म्हणतो, हे नसेल तर कंपनी जुनाट वाटते. मुलगा मेहनती आहे, त्याला नुसतं "नको" म्हणणं मला पटत नाही. काय ठेवू, काय काढू, आणि कारण काय सांगू?

जुनाटॅग:
ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो.

मी १९९९ पासून वेबसाइट बांधतोय. त्या काळी फ्लॅशचा, म्हणजे वेबपानावर ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, जोर होता. एका व्यावसायिकासाठी मी संपूर्ण साइट फ्लॅशमध्ये केली होती: आधी चित्रफीत, मग उडत येणारा मेनू, उत्पादनांची माहितीही त्यातच. आम्हा दोघांनाही तिचा अभिमान होता. पण त्यातला मजकूर कॉपी करता येत नव्हता, शोधयंत्रांना धड वाचता येत नव्हता. पुढे आयफोन आला, त्यावर फ्लॅश कधीच चाललं नाही. २०१७ च्या जुलैत अडोबी या फ्लॅशच्या कंपनीने ते बंद करण्याची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फ्लॅश चालवणंच थांबवलं. त्या माणसाचा कॅटलॉग त्यात अडकला होता. मूळ फाइली माझ्याकडेही उरल्या नव्हत्या. ते मला आजही लागतं.

म्हणून माझी एकच अट असते: सगळं ॲनिमेशन काढलं तरी साइट पूर्ण वाचता आली पाहिजे. सरकत येणारे परिच्छेद बहुधा आधी अदृश्य ठेवलेले असतात आणि स्क्रिप्ट, म्हणजे पानामागे चालणारा छोटा प्रोग्राम, त्यांना दाखवते. ती स्क्रिप्ट अडली तर कोरं पान उरतं. तुमच्या डिझायनरला स्क्रिप्ट बंद करून पान उघडायला सांगा, त्याला स्वतःलाच दिसेल.

वेगाचंही सांगा. गूगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वांत मोठा मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवं. स्क्रीनभर व्हिडिओ असेल तर साध्या मोबाइलवर हे अवघड जातं. व्हिडिओ ठेवायचाच असेल तर आधी हलकं स्थिर चित्र द्या आणि दाबल्यावर चालू करा. जिफ प्रकारचं हलतं चित्र नको: त्यात एका चौकटीत फक्त २५६ रंग असतात, आणि तेच दृश्य एमपी४ व्हिडिओमध्ये कितीतरी लहान फाइलीत बसतं. संगीताचा वाद घालूच नका. २०१८ पासून क्रोम ब्राउझर आवाजासकट आपोआप सुरू होणारं बहुतेक ठिकाणी अडवतोच.

निवांत:
मी खरेदी विभागात आहे, म्हणजे तुमच्यासारख्यांची गिऱ्हाईक. मला आतल्या कानाचा आजार आहे. स्क्रोल करताना मागचं चित्र एका वेगाने आणि पुढचा मजकूर दुसऱ्याच वेगाने हलला की मला गरगरतं, मळमळतं. कधी कधी पुढचा तासभर काम होत नाही. मागे एका पुरवठादाराच्या साइटवर असं झालं. माल चांगला असेलही, पण मी ते पान बंद केलं आणि दुसरीकडे चौकशी केली. त्यांना हे कधी कळलंही नसेल.

माझ्या फोनवर आणि संगणकावर "हालचाल कमी करा" हे सेटिंग चालू आहे. ब्राउझर ते साइटला कळवतो. डिझायनरला प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन म्हटलं की समजेल; त्यासाठी नियम लिहायला फार वेळ लागत नाही. सुगम्यतेच्या, म्हणजे साइट अपंगांसकट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हेही आहे की मजकुराशेजारी आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून जास्त चालणारी हालचाल थांबवता आली पाहिजे, आणि काहीही सेकंदाला ३ पेक्षा जास्त वेळा लखलखू नये. २००७ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या बोधचिन्हाच्या प्रचारफितीतला एक भाग साइटवरून काढावा लागला होता, कारण त्याने अपस्माराचे झटके येण्याचा धोका होता. तुमच्या व्हिडिओतल्या ठिणग्या एकदा या नजरेने तपासाच.

चलचित्र:
मी यंत्रांची ॲनिमेशन करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. ताई, तुमचा पंप हा ॲनिमेशनसाठीच जन्मलेला विषय आहे. स्थिर फोटोत फक्त एक डबी दिसते. छेद घेऊन ८-१० सेकंद दाखवा: नळी दाबली जाते, मागे ती पुन्हा फुगते, त्या फुगण्याने द्रव आत ओढला जातो. लोकांना हा ओढला जाण्याचा भागच कळत नाही, तिथे गती कमी करा. द्रवाला एकच ठळक रंग द्या, बाकी सगळं करडं.

एक चूक बरेच जण करतात. सगळे रोलर सारखेच काढले तर ते पुढे जाताहेत की मागे, हे डोळ्याला ठरवता येत नाही. ठरावीक वेगाला तर ते उलटे फिरताना दिसतात. एका रोलरवर खूण करा, नजर तिला धरून चालते.

जुनाटॅग यांच्या अटीला माझी पूर्ण संमती. भागांची नावं चित्रात कोरू नका, बाजूला साध्या मजकुरात द्या. मात्र सगळीच हालचाल काढायला मी तयार नाही. बटण दाबल्यावर पाव सेकंदात रंग बदलला तर दाबलं गेल्याची खात्री पटते. ते राहू द्या.

पंपवाली:
तुम्हा तिघांचं लिहिणं डिझायनरला जसंच्या तसं वाचायला दिलं. निवांतताईंचा प्रतिसाद वाचून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

ठिणग्यांचा व्हिडिओ, काउंटर, संगीत गेलं. स्लायडरवर तो अडून बसला होता, पण पाचही फोटो एकाखाली एक लावल्यावर त्यालाच बरं वाटलं. तक्ता आता पहिल्या पानावर आहे. आज सकाळी त्याने कारखान्यात येऊन पंप उघडून घेतला, हाताने रोलर फिरवत अर्धा तास नळीकडे बघत बसला, आणि कागदावर छेद काढला.

चलचित्र, त्याचा एक प्रश्न आहे. आमच्या लहान मॉडेलमध्ये दोनच रोलर आहेत. एक नळी सोडतो त्याआधी दुसऱ्याने ती दाबलेली असते, म्हणून द्रव मागे येत नाही. तो क्षण दाखवायला गती कमी करावी, की तिथे पूर्ण थांबून मग पुढे जावं?