सोसायटी ग्रुप, रत्नागिरी : पुस्तकांची यादी

बी-२०४ : सर्वांना नमस्कार. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या सत्राची पुस्तकांची यादी आली असून त्यातील एकट्या गणिताच्या पुस्तकावर ९४५ रुपये छापले आहेत. तेही इथे मिळत नाही, कोल्हापूरहून मागवावे लागेल. दुकानदार म्हणतो की परीक्षेच्या तोंडावर मुले शेवटी लोकल ऑथरचेच पुस्तक नेतात. मग ही यादी कोणासाठी असते?

ए-१०१ : वहिनी, यादीत पाठ्यपुस्तके आणि संदर्भग्रंथ असे दोन भाग असतात. संदर्भग्रंथ विकत घ्यावेत, अशी अपेक्षा आम्ही शिकवत असतानाही नव्हती. लोकल ऑथरच्या पुस्तकात जुन्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे मिळतात, परंतु सूत्र कुठून आले ते कळत नाही, आणि पुढे मुलाखतीत मुले तिथेच अडखळतात.

सी-३०२ : जुनी पुस्तके जिन्याखालच्या कपाटात ठेवावीत, हे मी मागच्या सभेतही सुचवले होते.

सचिव : त्या कपाटात गणपतीचे मखर आहे, हे आपणास ठाऊक आहे.

बी-२०३ : ते कोणाच्या परवानगीने ठेवले, हेही सचिवसाहेबांनी एकदा सांगून टाकावे.

ए-१०१ : कृपया विषय सोडू नये. नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रकरणांची मांडणी बदलली असली, तरी मॅट्रिक्स आणि आंशिक विकलन तेच आहे. जुनी आवृत्ती खुशाल वापरावी. शिवाय एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, ई-कुंभ पोर्टलवर अभियांत्रिकीची पुस्तके मराठीतूनही मोफत मिळतात.

बी-२०४ : सर, मोबाईल हातात आला की अभ्यास बाजूलाच राहतो. झेरॉक्स काढली तर चालेल का?

डी-४०१ : अध्यापनासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या झेरॉक्सबाबत २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रकाशकांच्या विरोधात निकाल दिला होता. मात्र त्यावरून आख्खे पुस्तक झेरॉक्स करून बांधून घ्यावे, असे मी लेखी सांगणार नाही.

बी-२०३ : वकीलसाहेब, ग्रुपवर लिहिले म्हणजे लेखीच झाले.

सी-३०२ : म्हणूनच कपाट हवे.

ए-१०२ : गेल्या पावसाळ्यात त्याच कपाटात आमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची पाने बुरशीने एकमेकांना चिकटली, आणि तेव्हा कोणी चौकशीसुद्धा केली नाही. बी-२०४, तुम्ही आधी कॉलेजच्या बुक बँकेत विचारा. अनामत भरली की सत्रापुरती पुस्तके मिळतात.

सी-३०२ : गणिताच्या त्या पुस्तकाची मागची आवृत्ती आमच्याकडे पडून आहे. कपाट रिकामे होताच ठेवण्यात येईल.

बी-२०४ : दादा, मी एक मजला चढून वर येते. आपण घरी आहात ना?