वाचताना कळतो, लिहिताना पळतो: इंग्रजी शब्दांशी घरोबा कसा झाला?

इंग्रजी वाचताना मी फारशी अडत नाही. अडते ती लिहायला बसल्यावर. वाचताना सहज ओळखलेले शब्द ऐन वेळी कुठे दडी मारतात कोण जाणे, हाताशी येतात ते नेहमीचेच पाच-सहा: गुड, बिग, व्हेरी, थिंग, इम्पॉर्टंट. परवा एका अहवालाचा मसुदा संपादकांकडून परत आला. एकाच पानावरच्या अकरा 'इम्पॉर्टंट'भोवती पेन्सिलीने गोल केले होते. शेरा नाही, सूचना नाही, नुसते अकरा गोल.

म्हणजे माझे शब्द दोन प्रकारचे. काहींशी तोंडओळख, रस्त्यात दिसले की मान हलवायची, नाव विचारलं तर ततपप. आणि काहींशी घरोबा. हा दुसरा गट फारच लहान निघाला. तर एखादा तरी शब्द तुमच्या तोंडओळखीतून घरोब्यात कसा आला, किंवा येता येता कसा फसला, ते या धाग्यावर लिहा. पुस्तकांच्या याद्या नकोत. 'रोज दहा शब्द पाठ करा' हा सल्ला तर नकोच, तो घेऊन झालाय.

*

फसलेल्यापासून सुरुवात करतो. जीआरईसाठी, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेसाठी, याद्या घोकणाऱ्या पिढीतला मी. ऑगस्ट २०११ पर्यंत त्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न असत. शब्द सुटा यायचा, मागेपुढे वाक्य नाही, त्यामुळे घोकंपट्टी चालून जायची. लॅकॉनिक म्हणजे मितभाषी, गॅर्युलस म्हणजे बडबड्या, पुढचा. 'फुलसम'पुढे मी 'भरभरून' लिहिलं होतं. तेही यादीत नव्हतं, शब्दात 'फुल' दिसला म्हणून माझ्या मनाने.

गुण चांगले पडले. पुढे एका प्राध्यापकांनी माझ्यासाठी शिफारसपत्र लिहिलं, तेव्हा मी 'फुलसम' कौतुकाबद्दल त्यांचे आभार मानले. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'मी तर मनापासून लिहिलं होतं.' कोश उघडला. फुलसम प्रेझ म्हणजे ओशट, खोटं वाटावं इतकं कौतुक! हल्ली कोश 'भरपूर' हा अर्थही देतात म्हणे, पण जाणकार वाचकाच्या कानाला अजून तो ओशटपणाच आधी लागतो. त्या दिवसापासून फुलसमशी माझा घरोबा पक्का आहे.

*

अनुवाद हा माझा व्यवसाय, त्यामुळे थोडं लांबण लावते.

शब्द एकटा शिकायचा नाही, त्याचा गोतावळा बघायचा. आपण शपथ घेतो, वचन देतो, पैज लावतो, मार खातो. पाऊस मुसळधार असतो, बलवान नसतो. हे कुणी शिकवत नाही, कानावर पडून पडून बसतं. इंग्रजीतही रेन 'हेवी' आणि विंड 'स्ट्राँग'. चूक 'मेक' करतात, गुन्हा 'कमिट' करतात. प्रगत शब्दांच्या बाबतीत आपण हे विसरतो आणि नुसता अर्थ टिपून मोकळे होतो.

माझ्या वहीतली 'मिटिगेट'ची नोंद अशी आहे: 'रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट यांच्याबरोबर. चिडलेल्या माणसाला मिटिगेट करत नाहीत, त्याला पॅसिफाय.' खाली वाचनात सापडलेली तीन वाक्यं, जशीच्या तशी. चौथं माझं. अर्थ लिहिलेलाच नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

त्याहून बारीक गोष्ट म्हणजे शब्दाचा स्वभाव. मराठीत संकट ओढवतं, यश ओढवत नाही. 'ओढवणे'च्या पोटातच वाईट आहे, कोशात तसं लिहिलेलं असो वा नसो. इंग्रजीतलं साधं 'कॉज' हे क्रियापद बरंचसं तसंच. डिले, डॅमेज, पेन, ट्रबल, त्याच्या मागून येणारी वरात बहुतेक रडकीच. हे कळायच्या आधी मी एका जाहिरातीच्या मजकुरात ग्राहकांना आनंद 'कॉज' केला होता.

*

वरच्या प्रतिसादाला +१. माझं दुखणं वेगळं आहे, उच्चार. सगळे शब्द वाचून शिकलो, ऐकले कधीच नाहीत. एका बैठकीत मी ठणकावून 'एपिटोम' म्हणालो. समोरच्या बाईंनी टोकलं नाही, फक्त पुढच्याच वाक्यात तोच शब्द 'एपिटमी' असा हळूच ठेवला. टोकलं असतं तर परवडलं असतं. 'हायपरबोल' मात्र मी त्यानंतरही दोन वर्षं म्हणत होतो. (हायपर्बली!)

'डेट' (कर्ज) आणि 'सटल' (सूक्ष्म) यांच्यातल्या मुक्या बी-ने मला फार छळलं. मग कळलं की लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो पंडितांनी मागाहून स्पेलिंगात घुसवलाय, बोलण्यात तो कधी आलाच नाही. राग थोडा निवळला. आता कोशात अर्थाआधी उच्चाराचं बटण दाबतो.

*

अँकी हे शब्दांची कार्डं पुन्हा पुन्हा दाखवणारं ॲप वापरून पाहिलेले कुणी आहे का? विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, हे एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मांडलं. शब्द निसटायच्या बेताला आला की कार्ड पुन्हा समोर, असं ते तंत्र. तंत्रात खोट नाही, खोट माझ्यात. सहा हजार कार्डांचा तयार गठ्ठा उतरवून घेतला. तीन आठवडे आजारी पडलो, उठून पाहतो तर अकराशे कार्डं थकलेली. सावकाराच्या वहीसारखं वाटलं, पुसूनच टाकलं. आता गठ्ठा फक्त स्वतःचा, वाचताना खरोखर अडलेल्या शब्दांचा, आणि कार्डावर जिथे अडलो ते वाक्य. दीडशे कार्डं आहेत. टिकली आहेत.

*

(धागाकर्ती) 'आनंद कॉज केला' वाचून मोठ्याने हसले. पण मुळात किती शब्द लागतात, याचा काही अंदाज?

*

आकडे मी देतो, भाषा शिकवतो म्हणून. मायकेल वेस्टची रोजच्या शब्दांची यादी १९५३ ची, साधारण दोन हजार शब्दांची. त्यापलीकडे अभ्यासविषयक लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुळं ॲव्हरिल कॉक्सहेडने २००० मध्ये काढली. आणि कादंबरी-वर्तमानपत्र कोशाशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, असा पॉल नेशनचा २००६ चा हिशेब. कूळ म्हणजे 'अझ्यूम' आणि त्याची 'अझम्प्शन'सारखी सगळी पिलावळ मिळून एक.

गंमत अशी की त्या ५७० मध्ये दिपवणारं काही नाही. अझ्यूम, कन्सिस्टंट, सिग्निफिकंट. विद्यार्थी येतात ते 'सेस्क्विपिडेलियन' (लांबलचक शब्दांचा) वहीत घेऊन, आणि 'कन्सिस्टंट'पुढे 'विथ' की 'टू' यावर अडतात. तुमच्या अकरा गोलांचं औषध मला मोठ्या शब्दांत दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी नेमकं काय म्हणायचं होतं, ते आधी मराठीत लिहून बघा.

*

मोठ्या शब्दांवरून. १०६६ मध्ये नॉर्मन आले आणि इंग्रजीत फ्रेंचचा लोंढा आला, मग विद्वानांनी लॅटिन ओतलं. म्हणून 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटरॉगेट' अशी तीन मजली घरं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, पाणी आणि जल आपल्याकडेही आहेच. पण घरी कुणी 'मी जलप्राशन करून येतो' म्हणत नाही. मी इंग्रजीत दहा वर्षं जलप्राशनच करत होतो: कमेन्स, यूटिलाइज, एन्डेव्हर. मित्राचे वडील गेले तेव्हा सांत्वनाचं पत्रही त्याच थाटात लिहिलं. नंतर स्वतःच वाचलं तर सरकारी परिपत्रक. फाडलं आणि चार साध्या ओळी लिहिल्या. त्या चार ओळींना मात्र तास लागला.

*

अवांतर: 'मंगूस' इंग्रजीत मराठीतूनच गेलाय, आपलं मुंगूस. अनेकवचन 'मंगीस' नव्हे, 'मंगूसेस'. गूसचे गीस होतात म्हणून मी वर्षानुवर्षं मुंगसांचेही करत होते. आपलाच शब्द, आपणच चुकायचं.

*

(धागाकर्ती) सरांनी सांगितलं तसं केलं. पान समोर ठेवलं आणि प्रत्येक गोलाशेजारी मराठी लिहिलं. चार ठिकाणी काहीच लिहिता येईना, म्हणून तिथला 'इम्पॉर्टंट' नुसता उडवला. वाक्याला कळलंही नाही. तीन ठिकाणी 'लवकर करा' म्हणायचं होतं, तिथे 'अर्जंट'. दोन ठिकाणी 'याच्यावाचून अडेल', तिथे 'इन्डिस्पेन्सबल'. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून लिहिला. एका ठिकाणी ऐटीत 'सिग्निफिकंट' घातला. शेजारीच संख्याशास्त्राचा तक्ता होता आणि तिथे त्या शब्दाला ठरीव अर्थ आहे, त्यामुळे त्याला नवा गोल पडून आला.

अकरावा तसाच ठेवलाय. तिथे मला इम्पॉर्टंटच म्हणायचं होतं.