रोजच्या ऐकण्यासाठी फोनच्या स्वतःच्या स्पीकरला आज काही महत्त्व उरले आहे का?

डिचोलीकर

नमस्कार. माझी आई डिचोली तालुक्यातील आमच्या जुन्या घरी राहते. तिचे वय ७४ आहे. पहाटे उठल्यापासून तिचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीला टेकवून उभा असतो. आधी अभंग, मग आकाशवाणीच्या बातम्या, दुपारी कीर्तन आणि संध्याकाळी पुण्याहून माझ्या बहिणीने पाठवलेले आवाजी संदेश, असा तिचा दिवस त्या एका स्पीकरवर चालतो. गेले दोन महिने त्या स्पीकरचा आवाज फाटल्यासारखा येतो आणि कीर्तनकारांनी वरचा सूर लावला की नुसती खरखर ऐकू येते, म्हणून नवीन फोन घ्यायचे ठरवले आहे.

म्हापशातील एका दुकानात मी स्पीकर चांगला असलेला फोन मागितला, तेव्हा विक्रेत्याने सांगितले की आता स्पीकर पाहून फोन कोणी घेत नाही आणि कानात घालायची बिनतारी जोडी सोबत घेतली की प्रश्नच मिटतो. मला हे पटले नाही. आई कानात काहीही घालायला तयार नाही आणि तिचे कारण मला रास्त वाटते. कुकरच्या शिट्ट्या, फाटक उघडल्याचा आवाज, पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा हे सगळे तिला ऐकू यावे लागते. शिवाय जून-जुलैमध्ये कौलांवर पाऊस कोसळू लागला की जुन्या फोनवरचे शब्दच कळेनासे होतात.

माझा प्रश्न असा की पंधरा हजारांच्या आतला फोन घेताना स्पीकरकडे लक्ष देण्यात अर्थ आहे का, की फोन कोणताही घ्यावा आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर वेगळा ठेवावा? आणि दुकानात उभ्या उभ्या स्पीकरची पारख कशी करावी?

म्हापशाचा दुरुस्तीवाला

मी वीस वर्षांहून अधिक काळ फोन दुरुस्त करतो, म्हणून सुरुवात जुन्या फोनपासून करतो. आपण वर्णन केलेली खरखर ऐकून स्पीकर बाद झाला असे लगेच मानू नका. स्वयंपाकघरात राहणाऱ्या फोनच्या जाळीत पीठ, हळद आणि फोडणीच्या वाफेतले तेल मिळून एक चिकट थर बसतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा फोनांची जाळी भिंगाखाली पाहिली तर ती पिवळट लेपाने बंद झालेली असते. आणखी एक कारण लोकांना सहसा सुचत नाही. स्पीकरच्या आत चुंबक असते, आणि भांडी घासायच्या लोखंडी तारेचे केसाएवढे तुकडे तिकडे ओढले जाऊन, हलून आवाज काढणाऱ्या आतल्या पातळ पडद्यावर बसतात. वरच्या सुरांना पडदा जोरात हलला की ते तुकडे थरथरतात आणि आवाज फाटतो. कोरड्या, मऊ दातघासणीने जाळी हलक्या हाताने झाडा आणि मग चिकट टेप दाबून उचला. टाचणी घालू नका, कारण बऱ्याच फोनांत जाळीमागे पाणी अडवणारा अत्यंत पातळ पापुद्रा असतो आणि तो एकदा फाटला की पहिल्या पावसात फोन जातो. तोंडाने फुंकरही मारू नका, कारण तिच्याबरोबर ओलावा आत जातो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो लवकर सुकत नाही.

आता मूळ प्रश्न. फोनच्या स्पीकरचा पडदा बोटाच्या नखाएवढा असतो आणि तो मागेपुढे एक मिलिमीटरही हलत नाही. खर्जाचा आवाज काढायला भरपूर हवा ढकलावी लागते. सूर एक सप्तक खाली आणला आणि आवाजाची पातळी तेवढीच ठेवायची म्हटली, तर पडद्याला चौपट हलावे लागते, आणि तेवढी जागा या पातळ डबीत नसते. त्यामुळे बहुतेक फोनांत साधारण ५०० ते ८०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) खाली आवाज उतरू लागतो आणि २०० हर्ट्झच्या खाली फारसे काही उरत नाही. तरीही पुरुषाचा आवाज, ज्याचा मूळ सूर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, फोनवर पुरुषाचाच वाटतो. याचे कारण त्या सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर ऐकू येतात आणि त्यांच्या अंतरावरून खालचा गाळलेला सूर मेंदू स्वतः भरून काढतो. जुन्या तारेच्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, आणि तेवढ्यात माणसे एकमेकांना आवाजावरून ओळखत होती. म्हणून बातम्या, कीर्तन आणि बहिणीचे संदेश यांसाठी फोनचा स्पीकर पुरेसा पडतो, आणि आपल्या आईंच्या ऐकण्यातला मोठा भाग बोललेल्या शब्दांचाच दिसतो.

दोन स्पीकर असलेला फोन मिळाला तर अवश्य घ्या. २०१३ मध्ये एचटीसी वन या फोनने स्क्रीनच्या वर आणि खाली समोर तोंड केलेले दोन स्पीकर दिले होते. २०१६ मध्ये आयफोन ७ मध्ये दोन स्पीकर आले, पण त्याच वेळी कानाच्या तारेचे भोकही गेले. आज बऱ्याच फोनांत कानाला लावायचा वरचा छोटा स्पीकरच दुसऱ्या स्पीकरचे काम करतो. तो खालच्यापेक्षा अशक्त असतो, तरी त्याचा एक फायदा आपल्या घरात फार मोलाचा आहे. आपण लिहिले आहे की फोन बरणीला टेकवून उभा असतो. मुख्य स्पीकरची भोके खालच्या कडेला असतात, म्हणजे ती फळीवर दाबली जात आहेत आणि निम्मा आवाज लाकडात जिरत आहे. वरचा स्पीकर अशा वेळीही मोकळा राहतो. आजच फोन आडवा ठेवून पाहा.

पारख करताना दुकानदाराचे गाणे ऐकू नका, कारण ती गाणी ठोक्यांनी भरलेली असतात आणि कोणत्याही फोनवर दणदणीत वाटतात. आईंचे नेहमीचे कीर्तन आपल्या सोबत न्या. आवाज पूर्ण न करता दोन तृतीयांश ठेवा, चार पावले मागे जा आणि शब्द कळतात का ते पाहा. मग आवाज पूर्ण करा. चांगल्या फोनमधील ध्वनिवर्धक चिप स्पीकरच्या तारेचे तापमान आणि पडद्याची हालचाल सतत मोजते आणि धोका दिसताच खालचे सूर कापते, त्यामुळे आवाज पातळ होईल, पण फाटणार नाही. पूर्ण आवाजावर फाटणारा फोन तिथेच ठेवून या.

एक शेवटची गोष्ट पावसाळ्यासाठी. वीज आणि नेट दोन्ही गेले की ॲपवरची आकाशवाणी बंद पडते. कानाच्या तारेचे भोक आणि एफएम असलेला फोन घेतला, तर तार लावून रेडिओ चालतो, कारण ती तारच अँटेनाचे काम करते. तार लावलेली असतानाही रेडिओच्या ॲपमधून आवाज स्पीकरवर वळवता येतो, म्हणजे कानात काही घालावे लागत नाही. फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये कंपन्यांना दिली होती. तरीही घेण्यापूर्वी रेडिओ लावून बघाच.

पखवाजी, फोंडा

वरील उत्तर शब्दांपुरते मला मान्य आहे, पण अभंगांचे काय? मी मुलांना पखवाज शिकवतो. मुले सराव ध्वनिमुद्रित करून पाठवतात आणि इतरांचे वादन फोनच्या स्पीकरवर ऐकतात. त्यामुळे एक पिढी अर्धा पखवाज ऐकून वाढत आहे, असे मला खरोखर वाटते. उजव्या पुडीवर (कातड्याच्या तोंडावर) शाई, म्हणजे काळा गोल लेप, असते आणि तिच्यामुळे त्या पुडीचे उपस्वर सुराला धरून निघतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये मृदंग-तबल्याच्या याच गुणाविषयी लिहिले होते. हे उपस्वर फोनवर येतात, म्हणून उजवा हात बरा ऐकू येतो. डाव्या पुडीला आपण ओली कणीक लावतो ती खर्जासाठी, आणि तो खर्जच फोन गिळतो. विद्यार्थ्याची कणीक कमी पडली आहे की जास्त झाली आहे, हे मला फोनवरून कधीच सांगता येत नाही. त्यासाठी मला चांगले हेडफोन लावावे लागतात.

घुमट या मातीच्या मडक्याच्या गोव्यातील वाद्याची गत तर याहून वाईट होते. चवथीच्या दिवसांत आरत्यांची ध्वनिमुद्रणे सगळीकडे फिरतात. ती फोनवर लावली की कासाळ्यांचा (झांजांचा) खणखणाट आणि शामेळ या काठ्यांनी वाजवायच्या छोट्या वाद्याची टिपरी पुढे येते, आणि घुमट जणू वाजतच नाही. मडक्याच्या लहान तोंडावर डावा तळवा झाकून-उघडून वादक जो नाद आत खेळवतो, तो सगळा खालच्या सुरांचा आहे. त्याला बोलण्याच्या आवाजासारखी उपस्वरांची सुबक ओळ नसते, म्हणून मेंदूलाही तो भरून काढायला आधार मिळत नाही. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य घोषित केले. त्या वाद्याचा प्राण असलेला नाद आपली मुले रोजच्या साधनावर ऐकूच शकत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा आपल्या आईंसाठी माझे मत असे की फोनचा स्पीकर चांगला घ्यावाच, पण सकाळच्या अभंगांसाठी वेगळा स्पीकरही ठेवावा. तळहाताएवढा नको, निदान तांब्याएवढ्या आकाराचा घ्या. अगदी छोटे ब्लूटूथ स्पीकर फोनपेक्षा मोठ्याने वाजतात, पण खर्जात फार पुढे जात नाहीत. आणि फोन स्टीलच्या भांड्यात ठेवण्याचा जो उपाय घरोघरी करतात, त्याने आवाज वाढतो हे खरे असले तरी भांड्याच्या स्वतःच्या सुराचे तेवढे सूर वाढतात आणि शब्द डब्यातून आल्यासारखे होतात.

रोजची प्रवासी

मी रोज पणजी ते मडगाव बसने जाते-येते. घरातल्या स्वयंपाकघरात फोनचा स्पीकर हवा, हे मला पूर्ण मान्य आहे. पण स्पीकर जितके मोठे झाले, तितका बसमधला छळ वाढला, हेही याच विषयात मोडते. कामावरून थकून परतताना शेजारी एक, मागे दोन फोन वेगवेगळे व्हिडिओ वाजवत असतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे फोनचा सगळा जोर बोलण्याच्या पट्ट्यात असल्यामुळे तो आवाज कानाआड करताच येत नाही. मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय ध्वनी-चित्रफिती वाजवण्यास बंदी केली. आपल्याकडेही तसा नियम व्हावा आणि वाहकांनी तो पाळायला लावावा.

श्रवणतज्ज्ञ, पणजी

आईंच्या वयाचा उल्लेख आल्यामुळे लिहिते. वयानुसार ऐकण्यात पहिली घट वरच्या सुरांत होते. स्वर बहुतांशी खालच्या पट्ट्यात असतात आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने वरच्या पट्ट्यात असतात. त्यामुळे वडीलधारी माणसे म्हणतात, ‘आवाज येतो, पण बोललेले कळत नाही.’ फोनचा स्पीकर खर्जात दुबळा आणि वर धारदार असल्यामुळे अशा कानांना शब्दांसाठी अनेकदा भरदार खर्जाच्या स्पीकरपेक्षा सोयीचा पडतो. पखवाजाच्या दृष्टीने जो त्याचा दोष आहे, तो बातम्यांच्या दृष्टीने काही अंशी उपयोगी ठरतो.

अंतराकडे मात्र लक्ष द्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. खोलीत भिंतींमुळे ही घट थोडी कमी असते. फोन चुलीपासून दोन हातांवर आणला, तर पावसातही पुष्कळ फरक पडेल. कोपऱ्यात, दोन भिंतींच्या जवळ ठेवलात तर आणखी बरे.

कानात घालायची साधने वाईट असतात असे नाही, पण गोंगाटात लोक त्यांचा आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक मानला जातो, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. आई दिवसभर ऐकतात, म्हणून त्यांचा कानात न घालण्याचा आग्रह मला योग्यच वाटतो. वर्षभरात त्यांनी आवाज हळूहळू वाढवत नेला असेल, तर नवा फोन घेण्याआधी एकदा श्रवणचाचणी करून घ्या. तो दोष फोन बदलून जाणार नाही.

डिचोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आलो. दातघासणी आणि टेप वापरून जाळी साफ केली, तेव्हा टेपला खरोखरच पिवळा लेप आणि तारेचे दोन-तीन काळे तुकडे चिकटून आले. खरखर पूर्ण गेली नाही, पण आता फक्त शेवटच्या दोन खुणांवर येते. फोन आडवा करून चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवला, तेव्हा आईने लगेच विचारले की आवाज वाढवलास का. मी तो वाढवला नव्हता.

नंतर दुसऱ्या एका दुकानात तिचे कीर्तन आणि आमच्या वाड्यावरच्या गेल्या चवथीच्या आरतीचे ध्वनिमुद्रण घेऊन गेलो. चार फोन लावून पाहिले. कीर्तनाचे शब्द तिघांवर स्वच्छ होते, चौथा पूर्ण आवाजावर फाटला. घुमट एकाही फोनवर सापडला नाही. दोन स्पीकर, तारेचे भोक आणि एफएम असलेला एक फोन साडेबारा हजारांना ठरवला आहे. पखवाजींच्या सांगण्याप्रमाणे अभंगांसाठी वेगळा स्पीकर चवथीपूर्वी घेईन, कारण आरती ऐकताना आईच म्हणाली की माझ्या भावाचा घुमट यात कुठे गेला. श्रवणचाचणीसाठी पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे. तिने आवाज वाढवत नेला होता का, हे मला आठवून सांगता आले नाही, पण शेजारच्या काकूंनी हो म्हटले.