जुनी ऑटो-५ बंदूक हलक्या काडतुसाला अडते, काय तपासावं?

निलंगेकर:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी आजोबांची १२ बोअरची ब्राउनिंग ऑटो-५ आहे, एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी. बेल्जियमची, निजामाच्या काळात हैदराबादेत घेतलेली. आजोबा गेल्यावर वारस म्हणून परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. ते रखवालीसाठी ठेवायचे आणि काडतुसं कायम एल.जी. नाहीतर एस.जी., म्हणजे मोठ्या छऱ्यांची जड. मला त्यातलं काही करायचं नाही. मला क्ले शूटिंग, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम मारणं, शिकायचंय, आणि शिकायचं तर याच बंदुकीवर, असं मनात आहे.

एस.जी. भरली तर पाचच्या पाच सुटतात, कुठं अडत नाही. क्लबमधली २४ ग्रॅमची (म्हणजे छऱ्यांचं वजन तेवढं) हलकी काडतुसं भरली की पहिला बार होतो आणि रिकामं काडतूस खिडकीत अर्धं बाहेर येऊन बोल्टखाली (काडतुसामागे पुढेमागे सरकणारा पोलादी ठोकळा) चिमटतं. कधी रिकामं बाहेर पडतं, पण पुढचं वर येत नाही. आमचे प्रशिक्षक मारतात तेव्हा कमी अडते, माझ्या हातात जास्त. हे का, ते कळेना.

२०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा होती. परत आली तेव्हा नळीच्या खालच्या बाजूला गंज होता. मी शिलाई मशीनचं तेल लावून पुसली. एकजण म्हणाला, नळीची गॅसची भोकं मोठी करून घ्या, हलकं काडतूस चालेल. करावं का?

गोदाकाठ:
माझ्याकडे गॅसवर चालणारी इटालियन आहे, म्हणजे नळीतल्या भोकांतून येणारा गॅस पिस्टनला ढकलतो. नवी होती तेव्हा २८ ग्रॅमलाही अडायची. आधी ३२-३६ ग्रॅमची काडतुसं मारून मोकळी केली, पिस्टनवरची काजळी खरवडून काढली, भोकं साफ केली. आता २४ ग्रॅम छान चालतं. तुम्हीही पिस्टन उघडून बघा.

माजी आर्मरर, नांदेड:
गोदाकाठ, तुमचं तुमच्या बंदुकीपुरतं बरोबर आहे, पण या बंदुकीत पिस्टनही नाही आणि गॅसची भोकंही नाहीत. निलंगेकर, आधी हे ऐक बाबा: नळीला ड्रिल लावू देऊ नकोस. ज्याने सांगितलं त्याला ही बंदूक माहीत नाही. अशा नळीत भोक पाडलं की बंदूक कायमची गेली आणि मारणाऱ्याच्या जिवालाही धोका.

जॉन ब्राउनिंगने १९०० मध्ये हिचं पेटंट घेतलं. हिची चाल वेगळी. बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले राहून दोन्ही मिळून पार मागे येतात. मग नळी सुटून पुढे जाते आणि तेव्हा रिकामं काडतूस बाहेर पडतं. नळी पूर्ण मागे आली नाही तर पुढचं सगळंच अर्धवट राहतं. तुझी दोन्ही लक्षणं हेच सांगतात. २४ ग्रॅमचा धक्का नळीला शेवटपर्यंत ढकलायला पुरत नाही, आणि मधे कशाने तरी तिला रोखून धरलंय.

माझा पहिला संशय रिंगवर. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) आणि मॅगझीन (खालची काडतुसं साठवायची नळी) पूर्ण रिकामं कर, दोनदा बघ, बोट घालून बघ. लाकडी फळीवर जुनं कापड टाकून नळीचं तोंड हलकं दाबून धर आणि पुढची टोपी फिरवून काढ. फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) आणि नळी निघेल. आत मॅगझीनच्या नळीवर मोठी स्प्रिंग, एक पोलादी रिंग आणि एक कांस्याचा, मुद्दाम चीर ठेवलेला गोल तुकडा दिसेल. हा तुकडा ब्रेक आहे, तो मॅगझीनच्या नळीला आवळून धरतो. रिंग स्प्रिंगच्या वर, म्हणजे पुढच्या टोकाला, उताराची बाजू या तुकड्याकडे करून बसवली असेल तर ब्रेक जोरात लागतो. ही जड काडतुसांची मांडणी. आजोबा एल.जी., एस.जी. मारायचे, तेव्हा रिंग तिथंच असायला हवी, आणि त्यांनी ती बरोबरच ठेवली होती. हलक्या काडतुसासाठी ती रिंग स्प्रिंगच्या खाली, मागच्या बाजूला, रिसीव्हरला (बोल्ट असतो तो मधला पोलादी भाग) टेकवून ठेवायची. तिथं ती काही काम करत नाही. वर फक्त कांस्याचा तुकडा राहतो.

रिंग बदलताना मॅगझीनची नळी बोटाने चाचपून बघ. तुझा गंज तिथंही असणार. शिलाई मशीनचं तेल महिनोन्‌महिने पडून राहिलं की चिकट होतं, आणि आपल्याकडे सोयाबीन काढणीच्या दिवसांत काळ्या मातीची धूळ घराच्या फटीफटीत जाते. दोन्ही मिळून तिथं लेप बसतो. बंदुकीच्या सॉल्व्हंटने सगळं धुवून काढ, गंज बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने घे, पॉलिश पेपर नको. मग त्या नळीवर तेलाचा पातळ हात फिरव. हलक्या काडतुसाला हे तेल लागतं, जड काडतुसाला नळी कोरडी हवी.

दस्त्याच्या आतही एक स्प्रिंग असते, बोल्टला पुढे ढकलणारी. पाणी आणि जुनं तेल तिथं मुरतं. बोल्ट मागे ओढ, रिकाम्या बंदुकीत तो मागेच अडकून राहील, मग बटण दाबून सोड. ठणकन पुढे जायला पाहिजे. रेंगाळला तर दस्ता उतरवावा लागेल, पण ते घरी नको, परवानाधारक दुकानदाराकडे ने. जुने स्क्रू फिरवताना तुटतात आणि लाकूडही फुटतं. कुणी मोठी स्प्रिंग नवी टाकायला सुचवलं तर घाई करू नकोस. जास्त कडक स्प्रिंगमुळे हलकं काडतूस आणखी अडेल.

आता तुझ्या हाताचं. तुझ्या प्रशिक्षकांकडून कमी अडते हे तू लिहिलंस ते बरं झालं. दस्ता खांद्याला सैल टेकला तर अख्खी बंदूक नळीबरोबर मागे सरकते आणि नळीला रिसीव्हरच्या तुलनेत पूर्ण अंतर मिळत नाही. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट ओढ, डावा पाय पुढे, वजन थोडं पुढे.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. नळीच्या मागच्या भागावर, बेल्जियममधल्या लीज शहराच्या प्रूफ खुणांजवळ (नळी तपासल्याचे शिक्के), चेंबरची लांबी बघ. युरोपातल्या जुन्या नळ्या ६५ मिलिमीटरच्याही असतात. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बसतं, कारण ७० ही लांबी तोंड उघडल्यावरची असते. पण बार झाल्यावर तोंड उघडायला जागा नसते, दाब वाढतो आणि रिकामं काडतूस खिडकीतून निघताना अडखळतं. ६५ दिसलं तर एकही बार करू नको, इथं लिही.

निलंगेकर:
काका, नळीवर १२ आणि ७० असं स्पष्ट आहे. रिंग स्प्रिंगच्या वरच होती, उतार कांस्याच्या तुकड्याकडे. तुम्ही सांगितलं तसंच. मॅगझीनच्या नळीवर तपकिरी थर होता, दोन चिंध्या काळ्या झाल्या. बोल्ट ठणकन जातो. रविवारी क्लबात प्रशिक्षकांसमोर मारून बघतो.

उदगीरचा मधू:
रिंग मागे ठेवली आणि चुकून एस.जी. भरली तर काय होईल? माझ्या मामांकडे असलीच बंदूक आहे, म्हणून विचारतो.

माजी आर्मरर, नांदेड:
ब्रेक कमी पडेल आणि नळी रिसीव्हरवर आदळत राहील. फोरएंडचं लाकूड फुटतं, आतले भाग झिजतात. एका बाराने बहुधा काही होणार नाही, पण सवय लागली तर बंदूक खराब होईल. मामांना सांग, काडतुसाचा प्रकार बदलला की रिंगही बदलायची.

निलंगेकर:
काका, २८ ग्रॅमची पेटी एकदाही न अडता संपली. खांदा घट्ट ठेवायला प्रशिक्षक मागे उभे होते. २४ ग्रॅम मात्र अजून मधूनमधून अडतं, पण आता रिकामं बाहेर पडतं, फक्त पुढचं कधी वर येत नाही.

माजी आर्मरर, नांदेड:
मग आता सरावाला २८ ग्रॅमच घे. २४ ग्रॅमची सक्ती आंतरराष्ट्रीय नियमांच्या स्पर्धेत असते, शिकताना नाही. पुढे २४ लागलंच तर पेटीवर लिहिलेला वेग बघून जास्त वेगाचं निवड. त्या वजनाला ही बंदूक जेमतेमच चालते, तिच्याकडून त्याहून जास्त ओढून घेऊ नको. आणि बार फुसका वाटला, आवाज कमी आला, तर लगेच थांब. बंदूक रिकामी कर आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघ. आत वॅड (काडतुसातला दारू आणि छऱ्यांमधला बुच) अडकलेला असताना दुसरा बार केला तर नळी फाटते.

निलंगेकर:
हो काका. रिंगची गोष्ट कागदावर लिहून बंदुकीच्या पेटीत ठेवलीय.